घड्यातल्या चोरापासून मदर इंडियापर्यंत : मेहबूब खान यांच्या चित्रपटांची दुनिया

वांद्र्याच्या हिल रोडवरून माउंट मेरीकडे जाताना मेहबूब स्टुडिओची पाटी दिसते. आपल्यातले किती तरी जण रोज तिच्यासमोरून रिक्षाने, बसने जातात. हे मेहबूब कोण, असं घरातल्या तरुण मुलांना विचारून पाहिलं तर बहुतेक एकच उत्तर मिळतं, मदर इंडियावाले. उत्तर चुकीचं नाही, पण ते फारच अपुरं आहे. ज्या माणसाने तुर्क आणि रोमन यांच्या लढाईवर चित्रपट काढला, लखनौच्या मुस्लिम घराण्यांवर काढला, मुघल बादशहावर काढला, शेटजींच्या सोन्याच्या हावेवर काढला आणि तलवारबाजीचा रंगीत तमाशाही काढला, त्याला आपण एका चित्रपटापुरतं लक्षात ठेवलं आहे. म्हणून आज आम्ही मरहूम मेहबूब खान यांच्याविषयी जरा सविस्तर लिहायचं ठरवलं.

मेहबूब खान रमजान खान यांचा जन्म १९०७ चा, बिलीमोऱ्याकडचा. हा भाग तेव्हा बडोदा संस्थानात होता, आज गुजरातेत आहे. घर गरीब होतं. शाळा म्हणावी तशी झालीच नाही. लिहिण्या-वाचण्याचं त्यांचं ज्ञान जेमतेम होतं आणि ते कधी त्यांनी लपवलंही नाही. पुढे ज्यांच्या चित्रपटांवर विलायतेतल्या वर्तमानपत्रांत लेख आले, तो माणूस स्वतः ते लेख वाचू शकत नव्हता, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. सिनेमाच्या ओढीने पोरवयातच त्यांनी मुंबई गाठली. घोड्यांच्या तबेल्यात काम केलं, पडेल ते केलं आणि शेवटी अर्देशीर इराणी यांच्या इम्पीरियल कंपनीत एक्स्ट्रा म्हणून शिरकाव करून घेतला.

तो मूक चित्रपटांचा जमाना होता. १९२७ साली इम्पीरियलने अलिबाबा आणि चाळीस चोर यांच्या गोष्टीवर चित्रपट काढला, त्यात मेहबूब चाळीसपैकी एक चोर होते. ही गोष्ट आपल्या घराघरात माहीत आहे. चोर तेलाच्या घड्यांत लपून येतात. म्हणजे या माणसाची सिनेमातली पहिली जागा कुठली, तर घड्याच्या आत! पडद्यावर तोंडही दिसणार नाही अशी. बरोबर तेरा वर्षांनी, १९४० मध्ये, त्यांनी स्वतः अलिबाबा दिग्दर्शित केला, तोही हिंदी आणि पंजाबी अशा दोन भाषांत. सुरेंद्र यांनी त्यात बाप आणि बेटा अशा दोन्ही भूमिका केल्या. त्या वेळी सेटवर घड्यात बसलेल्या एक्स्ट्रा मंडळींकडे मेहबूब साहेबांनी कोणत्या नजरेने पाहिलं असेल, असा विचार आमच्या मनात येतो.

मधल्या काळात एक मोठी संधी हातातून गेली होती. १९३१ चा आलम आरा हा आपला पहिला बोलपट. त्याच्या नायकासाठी मेहबूब यांचं नाव चर्चेत होतं, पण अर्देशीर इराणींना नाणावलेला चेहरा हवा होता आणि भूमिका मास्टर विठ्ठल यांच्याकडे गेली. मास्टर विठ्ठल आपले मराठी माणूस, मूकपटांतले त्या वेळचे मोठे स्टार. त्यांनी आधीच्या कंपनीचा करार मोडला म्हणून खटला झाला आणि त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर मोहम्मद अली जिना. हा किस्सा मूळ विषयाला सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नायकपद हुकलं ते एका अर्थी बरंच झालं. मेहबूब सागर मूव्हिटोनमध्ये आले, छोट्या-मोठ्या भूमिका करत राहिले आणि डोक्यात गोष्टी जुळवत राहिले. १९३५ साली त्यांना पहिला चित्रपट दिग्दर्शित करायला मिळाला, अल हिलाल. इंग्रजीत त्याचं नाव जजमेंट ऑफ अल्लाह होतं. तुर्क आणि रोमन फौजांची लढाई, कैद झालेला शहजादा, भव्य सेट. पहिल्याच चित्रपटात एवढा पसारा मांडायची हिंमत नवख्या माणसाकडे सहसा नसते. कॅमेऱ्यामागे होते फरेदून इराणी. हा पारशी कॅमेरामन त्यानंतर मेहबूब यांच्यासोबत जवळपास अखेरपर्यंत राहिला. आजच्या भाषेत जोडी जमली म्हणतात तशी ती जमली.

सागरमधल्या पुढच्या चार-पाच वर्षांत या माणसाने एकाच वाटेने जायचं जणू नाकारलंच. १९३६ चा मनमोहन ही प्रेमात खचत जाणाऱ्या चित्रकाराची कहाणी, जिला त्या वेळी लोक गरिबांचा देवदास म्हणायचे. ती लिहिणारे झिया सरहदी होते. १९३७ चा जागीरदार हा कौटुंबिक गुंत्याचा, खुनाच्या रहस्याचा. १९३८ चा वतन तर थेट मध्य आशियातल्या तातार लोकांच्या स्वातंत्र्यलढ्याचा. नाव तातारांचं होतं, पण प्रेक्षकांना कळायचं ते कळत होतं. इंग्रजांचं राज्य होतं, सेन्सॉरची कात्री होती, आणि सरळ बोलता येत नव्हतं तेव्हा दूरच्या मुलखाची गोष्ट सांगायची ही युक्ती होती. १९३९ चा एक ही रास्ता युद्धावरून परतलेल्या सैनिकाचा होता. सरकारसाठी माणसं मारली तर शौर्य, आणि अब्रू लुटणाऱ्याला मारलं तर खून, हे कसं, असा त्याचा प्रश्न होता.

पुढे सागर कंपनी फझलभाय यांच्या गोटात जाऊन नॅशनल स्टुडिओज झाली आणि तिथे मेहबूब यांनी तीन चित्रपट केले, औरत, बहन आणि रोटी. बहनमध्ये बहिणीवर इतकी माया करणारा भाऊ आहे की तिचं लग्न झालेलंही त्याला सोसत नाही. बहिणीच्या भूमिकेत नलिनी जयवंत होत्या, मुंबईच्या मराठी घरातली कोवळी मुलगी. औरतबद्दल पुढे बोलूच. पण १९४२ च्या रोटीबद्दल इथेच थोडं थांबायला हवं.

रोटीमध्ये चंद्रमोहन यांनी लक्ष्मीदास शेट रंगवला आहे. हा माणूस खोटेपणाने श्रीमंत होतो, धान्य आणि सोनं साठवतो आणि माणसं भुकेने मरत असताना त्याला काही वाटत नाही. दुसऱ्या बाजूला शेख मुख्तार आणि सितारादेवी हे आदिवासी जोडपं आहे. त्यांच्या वस्तीत पैसा नावाची चीजच नाही, वस्तू देऊन वस्तू घ्यायची. याच चित्रपटात अख्तरीबाई फैजाबादी म्हणजे आपल्या बेगम अख्तर यांनीही काम केलं आहे. शेवटी शेट सोन्याच्या विटा गाडीत भरून पळतो आणि वाळवंटात पाण्याच्या एका घोटासाठी तडफडून मरतो. सोनं जवळ आहे, पाणी नाही. साठेबाजी आणि व्याजखोरीबद्दल आपण जुम्याच्या बयानात जे ऐकतो, ते या माणसाने पडद्यावर असं दाखवलं. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि लाखो लोक अन्नावाचून मेले, हे आठवलं की रोटी पाहताना अंगावर काटा येतो.

त्याच सुमारास त्यांनी स्वतःची कंपनी काढली, मेहबूब प्रॉडक्शन्स. तिचं बोधचिन्ह पाहून आजही लोक चक्रावतात. मध्यभागी विळा आणि हातोडा, म्हणजे कष्टकऱ्यांची खूण, आणि त्याबरोबर अल्लाहच्या मर्जीपुढे कोणाचं काही चालत नाही अशा अर्थाचा उर्दू शेर. कम्युनिस्टांना शेर खटकायचा आणि दीनदार मंडळींना विळा. मेहबूब साहेब धार्मिक वृत्तीचे होते, नमाज पढणारे होते, आणि गरिबाची बाजूही त्यांनी कधी सोडली नाही. त्यांच्या मनात यात भांडण नव्हतं. आमच्या मते तर त्यांचे चित्रपट समजून घ्यायला ते बोधचिन्हच पुरेसं आहे.

स्वतःच्या कंपनीचा पहिला चित्रपट कोणता असावा? पैसा स्वतःचा, धोका स्वतःचा. त्यांनी १९४३ मध्ये नजमा केला, लखनौच्या मुस्लिम समाजातली गोष्ट. अशोक कुमार, वीणा आणि सितारादेवी त्यात होते. एकमेकांवर जीव असलेल्या दोघांची लग्नं वडीलधारे दुसरीकडे लावून देतात आणि मग पडदा, इज्जत, संशय यांच्या कात्रीत ती घरं सापडतात. नायक डॉक्टर आहे, म्हणजे नव्या तालमीचा माणूस, पण आई-वडिलांच्या शब्दापुढे तोही मान खाली घालतो. अशा चित्रपटांना त्या काळी मुस्लिम सोशल म्हणत. शेरवानी, गरारे, कव्वाली एवढंच त्यात असतं असं हल्ली मानलं जातं. नजमा तसा नाही. आपल्या घरांत जे बोललं जात नाही, ते त्यात बोललं गेलं आहे.

१९४७ चा ऐलान त्याहून स्पष्ट आहे. एका मुस्लिम घरातले दोन सावत्र भाऊ, एक शिकलेला, दुसरा लाडाने बिघडलेला आणि शिक्षणावाचून राहिलेला. मुनव्वर सुलताना, सुरेंद्र आणि हिमालयवाला यांच्या त्यात भूमिका होत्या. तालीम नसेल तर दौलत, घराणं, नाव काहीच टिकत नाही, हे चित्रपट आडवळण न घेता सांगतो. स्वतः शाळा न शिकलेल्या माणसाने आपल्या कौमला हे सांगावं, तेही ज्या वर्षी देश दुभंगत होता त्या वर्षी, याची नोंद आपण कुठेच ठेवली नाही. आपल्याकडे शिक्षणावर मेळावे होतात, भाषणं होतात, सर सय्यद यांचं नाव निघतं. ऐलानचं नाव आम्ही तरी कोणत्याच मंचावरून ऐकलेलं नाही. सिनेमावाल्याचं नाव दीनी किंवा तालीमी जलशात कसं घ्यायचं, असा संकोच असतो हे आम्हालाही माहीत आहे. पण संकोच बाजूला ठेवून बघायला काय हरकत आहे?

या दोघांच्या मध्ये हुमायूं आला, १९४५ मध्ये. अशोक कुमार हुमायूं, वीणा राजपूत राजकन्या आणि नर्गिस हमीदा बानू. बाबर राजकन्येला मुलगी मानतो, हुमायूं बहीण मानतो आणि हे नातं निभावायला तख्तही पणाला लावतो. इतिहास म्हणून त्यात किती खरं आहे हा वेगळा विषय. चित्रपट इतिहासाचा तास घेत नाही, तो १९४५ च्या हिंदू आणि मुसलमानांशी बोलतो. दोन वर्षांनी काय घडणार आहे याची चाहूल सगळ्यांनाच लागली होती.

नर्गिस यांना नायिका म्हणून पहिल्यांदा मेहबूब यांनीच आणलं, १९४३ च्या तकदीरमध्ये, मोतीलाल यांच्यासमोर. तेव्हा त्या जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या. जद्दनबाईंची ही मुलगी पुढे काय होणार आहे हे त्या वयात ओळखणं सोपं नव्हतं.

मग अनमोल घडी, १९४६. नूरजहाँ, सुरैया आणि सुरेंद्र, तिघेही स्वतःच गाणारे. संगीत नौशाद यांचं. मेहबूब आणि नौशाद यांची सोबत इथे सुरू झाली ती शेवटच्या चित्रपटापर्यंत टिकली. वर्षभरात फाळणी झाली, नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या, हुमायूंचे संगीतकार गुलाम हैदर गेले, ऐलानचे हिमालयवाला गेले. मेहबूब मुंबईतच राहिले. त्यांचे साडू, निर्माते-दिग्दर्शक ए. आर. कारदार, मूळचे लाहोरचे असूनही इथेच राहिले. मेहबूब यांनी औरतची नायिका सरदार अख्तर यांच्याशी निकाह केला होता आणि तिची बहीण बहार अख्तर कारदारांच्या घरात होती.

१९४८ चा अनोखी अदा ठीकठाक होता, त्यावर फार बोलण्यासारखं नाही. १९४९ चा अंदाज मात्र गाजला. दिलीप कुमार आणि राज कपूर हे दोघं एकत्र दिसले ते फक्त याच चित्रपटात. मुंबईचं लिबर्टी थिएटर उघडलं तेही अंदाजने. गाण्यांत मुकेश यांचा आवाज दिलीप कुमारना आणि रफी साहेबांचा राज कपूरना, म्हणजे पुढे लोकांना जी सवय झाली त्याच्या अगदी उलट. मोकळेपणाने वागणारी नायिका शेवटी कैदेत जाते आणि दोष तिच्या आधुनिकपणावर येतो. खरं सांगायचं तर हे आम्हाला पटत नाही. मित्राशी हसून बोलली म्हणून बाईला एवढी सजा? ज्याने औरत केला त्यानेच हे करावं याचं नवल वाटतं. पण माणूस एकाच रंगाचा नसतो, त्याचे चित्रपटही नसतात.

१९५२ चा आन म्हणजे निव्वळ धमाल. घोडे, तलवारी, माजलेली राजकन्या आणि तिला नमवणारा गावचा गडी दिलीप कुमार. राजकन्या झाल्या होत्या नादिरा, त्यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट. मेहबूब यांना रंगीत चित्रपट करायचा होता आणि त्या काळी टेक्निकलरचा खर्च झेपणारा नव्हता. म्हणून १६ मिलिमीटरच्या छोट्या रंगीत फिल्मवर चित्रीकरण केलं आणि लंडनच्या प्रयोगशाळेत त्याच्या मोठ्या टेक्निकलर प्रती काढून घेतल्या. जुगाडच म्हणा ना. लंडनला चित्रपट सॅव्हेज प्रिन्सेस या नावाने लागला. फ्रान्समध्ये तर निम्मी यांच्या मंगला या पात्राच्या नावानेच तो दाखवला गेला. नायिका दुसरीच, पण लोकांचा जीव जडला तो गावाकडच्या मंगलावर.

आनच्या यशानंतर कोणीही दुसरा आन काढला असता. १९५४ साली वांद्र्याला स्टुडिओ उभा राहिला आणि त्याच वर्षी मेहबूब यांनी काढला अमर. दिलीप कुमार त्यात वकील आहेत, सभ्य, शिकलेले, मधुबालाशी लग्न ठरलेलं. आणि हाच वकील एका गरीब गवळणीवर अत्याचार करतो, मग गप्प बसतो. गवळण झाल्या होत्या निम्मी. नायकच गुन्हेगार, ही गोष्ट लोकांना गिळवली नाही आणि चित्रपट पडला. मेहबूब यांचा स्वतःचा मात्र तो फार आवडता होता. आम्हाला यात नवल वाटत नाही. सभ्य घरातला मुलगा चूक करतो आणि सारं घर तोंडावर बोट ठेवतं, हे काय फक्त सिनेमात होतं?

दुसऱ्यांना दिग्दर्शन देऊनही त्यांनी चित्रपट काढले. १९५६ मध्ये झिया सरहदी यांचा आवाज आणि किशोर कुमार यांना घेऊन पैसा ही पैसा, असे दोन. चालले नाहीत.

आता मदर इंडिया. १९४० च्या औरतमध्ये सरदार अख्तर यांनी राधा साकारली होती. सावकाराच्या कर्जात बुडालेलं शेत, परागंदा झालेला नवरा, भुकेली मुलं आणि वाट चुकलेला बिरजू. हीच गोष्ट मेहबूब यांनी सतरा वर्षांनी पुन्हा सांगितली, रंगीत, मोठ्या पडद्यावर, सुमारे ६० लाख रुपये खर्चून. सुक्खी लाला सावकार दोन्ही चित्रपटांत एकच, कन्हैयालाल. नाव त्यांनी मुद्दाम निवडलं. कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईंनी १९२७ साली याच नावाचं पुस्तक लिहून हिंदुस्तानच्या बायकांची, घरांची बदनामी केली होती. त्याच नावाने उत्तर द्यायचं, असा इरादा होता.

चित्रीकरणात गवताच्या गंजींना लावलेली आग भडकली, नर्गिस आत अडकल्या आणि सुनील दत्त यांनी उडी घेऊन त्यांना बाहेर काढलं. पुढे मार्च १९५८ मध्ये दोघांचं लग्न झालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कमी लोकांच्या लक्षात येतं ते दुसरंच. हा चित्रपट बनवणाऱ्यांची नावं बघा. निर्माता-दिग्दर्शक मेहबूब खान, लेखक वजाहत मिर्झा आणि अली रझा, गाणी शकील बदायुनी, संगीत नौशाद, कॅमेरा पारशी फरेदून इराणी. सुनील दत्त झेलमकडून आणि राजेंद्र कुमार सियालकोटहून घरदार सोडून आलेले. देवळात दिवा लावणारी, कपाळावर कुंकू लावणारी राधा उभी केली ती या मंडळींनी. सुगीच्या गाण्यात शेतावरची माणसं भारताच्या नकाशाच्या आकारात उभी राहतात, आणि तो नकाशा फाळणीपूर्वीचा आहे. फाळणीला दहा वर्षं झाली होती. कोणी त्यावर फार बोललं नाही, मेहबूब यांनीही नाही.

२५ ऑक्टोबर १९५७ रोजी मुंबईत लिबर्टीला चित्रपट लागला. फिल्मफेअरचे पुरस्कार मिळाले, नर्गिस यांना कार्लोव्ही व्हॅरीच्या महोत्सवात अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारताकडून गेलेला हा पहिलाच चित्रपट शेवटच्या पाचांत पोहोचला. तिथे फेलिनींच्या नाइट्स ऑफ कॅबिरियाने बाजी मारली. एका मताने हुकलं असं सांगतात.

त्यानंतर जे झालं ते थोडं वाईट वाटायला लावणारं आहे. १९६२ चा सन ऑफ इंडिया पडला. त्यातला मुलगा साजिद खान हा मदर इंडियातला लहानगा बिरजू. गरीब वस्तीतून आलेल्या या पोराला मेहबूब यांनी दत्तक घेतलं होतं. चित्रपट कोणाला आठवत नाही, पण शांती माथुर यांनी गायलेलं त्यातलं छोट्या शिपायाचं गाणं १५ ऑगस्टला शाळाशाळांत अजून लागतं. आपल्या उर्दू शाळांतही. १९६३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

काश्मीरची शायरा राणी हब्बा खातून हिच्यावर त्यांना पुढचा चित्रपट करायचा होता. म्हणजे पुन्हा एक नवाच मुलूख, नवीच गोष्ट. तो झाला नाही. २७ मे १९६४ ला पंडित नेहरू गेले आणि दुसऱ्या दिवशी, २८ मेला, मेहबूब खान यांचं इंतकाल झालं. देश नेहरूंच्या दुःखात बुडाला होता, त्यामुळे त्यांच्या जाण्याची बातमी वर्तमानपत्रांत एका कोपऱ्यात राहिली. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात त्यांची कबर आहे.